कलेचा खर्च कोणाच्या नावावर? म्हैसूर-बंगळुरूची कलावंत-कादंबरी आणि मराठी वाचक

तरुण प्रेम, कलेची महत्त्वाकांक्षा आणि हलाखी या तीन धाग्यांनी विणलेल्या कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रकार युरोपीय समीक्षेने मानलेला आहे. जर्मन समीक्षकांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ ‘कलावंताची कादंबरी’ असा होतो, आणि प्रस्तुत व्याख्यानात त्यासाठी ‘कलावंत-कादंबरी’ ही संज्ञा योजली आहे. एखादी व्यक्ती कलावंत कशी होते, त्यासाठी कोणकोणत्या गोष्टींवर पाणी सोडते आणि अखेरीस तिच्या हाती काय लागते, याचा सलग शोध घेणारी कादंबरी म्हणजे कलावंत-कादंबरी, अशी तिची कामचलाऊ व्याख्या करता येईल. या प्रकाराचा सर्वांत लोकप्रिय साचा आंरी म्युर्जे या फ्रेंच लेखकाने घडवला. पॅरिसमधील गरीब चित्रकार, कवी आणि संगीतकार तरुणांची त्याने लिहिलेली शब्दचित्रे १८५१ मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि त्यांवर पुच्चिनी या इटालियन संगीतकाराने रचलेली संगीतिका १८९६ मध्ये रंगभूमीवर आल्यावर पोटमाळ्यावर राहणारा, थंडीत कुडकुडणारा, प्रेमात पडलेला आणि भाडे थकलेला तरुण कलावंत जगभर ओळखीचा झाला.

म्युर्जेच्या या तरुणांची एक गोष्ट भारतीय वाचकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. त्यांना घर नाही. आईवडील, भाऊ, वाटणी, श्राद्धपक्ष, मुलांची आजारपणे यांपैकी कशाचाही त्यांच्या कथेत शिरकाव होत नाही. त्यांची गरिबी त्यांची एकट्याची असते आणि पुष्कळदा ती वयाबरोबर संपणारी असते. कन्नड आणि मराठी कादंबरीने कलावंताची कथा सांगायला घेतली तेव्हा तिला हा पोटमाळा मिळाला नाही, मिळाले ते भरलेले घर, आणि त्यामुळे कलेसाठी होणारा खर्च एकट्या कलावंताच्या नावावर टाकून मोकळे होणे तिला शक्य राहिले नाही. हा खर्च प्रत्यक्षात कोण करते, आणि कादंबरीकार त्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवतो की नाही, या एका कसोटीवर म्हैसूर-बंगळुरूच्या परिसरातील काही कन्नड कादंबऱ्या तपासून पाहणे आणि त्यांच्या शेजारी त्याच विषयावरील मराठी लेखन ठेवून पाहणे, हा या व्याख्यानाचा उद्देश आहे.

या कादंबऱ्यांमागचा सामाजिक पट थोडक्यात सांगितला पाहिजे. चौथे कृष्णराज वाडियार यांच्या कारकिर्दीत म्हैसूरचा दरबार हा दक्षिणेतील संगीताचा मोठा आधार होता. ‘आस्थान विद्वान’, म्हणजे दरबाराने मान आणि वेतन देऊन नेमलेला कलावंत किंवा पंडित, ही पदवी वीणा शेषण्णा, बिडारम कृष्णप्पा, म्हैसूर वासुदेवाचार्य यांच्यासारख्यांनी भूषवली, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे हिंदुस्थानी गायकही या दरबारात गायले. बंगळुरूला राजवाड्याचा हा आश्रय त्या प्रमाणात नव्हता. तेथे संगीत जगले ते मध्यमवर्गीयांच्या वर्गणीवर. बंगळूर गायन समाज १९०५ मध्ये स्थापन झाला, कन्नड साहित्य परिषद १९१५ मध्ये, आणि चामराजपेटेतील रामनवमीच्या मैफली भरवणारी श्री रामसेवा मंडळी १९३९ मध्ये. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरातून ‘आकाशवाणी’ नावाचे खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले, तेव्हा कलावंताला श्रोत्याच्या समोर न बसताही श्रोता मिळू लागला. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे असा हा प्रवास आहे, आणि त्यात मधल्या काळात लोंबकळत राहिलेल्या कलावंताची मिळकत अनिश्चित होती. कलावंत-कादंबरीला लागणारी हलाखी या अनिश्चिततेने पुरवली.

मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची ‘सुब्बण्णा’ ही दीर्घकथा १९२८ ची आहे. ‘श्रीनिवास’ या टोपणनावाने लिहिणारे मास्ती म्हैसूर संस्थानाच्या नागरी सेवेत होते, १९४३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे बंगळुरूत राहून साहित्य आणि संपादन यांत आयुष्य घालवले. १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. ‘सुब्बण्णा’चा नायक हा म्हैसूरच्या दरबाराशी संबंधित पुराणिकाचा मुलगा असून त्याचे मन पित्याच्या विद्येत रमत नाही, ते गाण्यात रमते. पितापुत्रांमध्ये दुरावा येतो, सुब्बण्णा पत्नी ललितेला घेऊन घर सोडतो आणि थेट कलकत्त्याला जाऊन पोहोचतो. तेथे त्याला गाण्याच्या बळावर जगता येते, पण मुले मृत्यू पावतात, आणि या शोकातून जाताना त्याचे गाणे हळूहळू लौकिक यशाच्या पलीकडे जाते. शेवटी तो म्हैसूरला परततो तो एक विरक्त माणूस म्हणून.

मास्तींची ही कथा वाचताना पहिल्यांदा जाणवते ती तिची शांतता. पिता-पुत्राचा संघर्ष, परागंदा होणे, मुलांचे जाणे या प्रत्येक प्रसंगावर दुसऱ्या एखाद्या लेखकाने प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली असती. मास्ती तसे करत नाहीत, कारण दुःखाला तत्त्वज्ञानाचे वळण देणे हा त्यांच्या दृष्टीने कलावंताच्या वाढीचाच भाग आहे. तथापि या दृष्टीचा एक परिणाम असा झाला आहे की ललितेच्या दुःखाला कथेत जागा मिळूनही तिच्या दुःखाचे फळ मात्र सुब्बण्णाच्या गाण्याच्या खात्यात जमा होते. दोघांचीही मुले गेली, पण त्या शोकातून राग उमलला तो एकाचाच. मास्तींच्या मनात ललितेविषयी अपार आदर आहे, यात शंका नाही. कथेच्या रचनेने मात्र तिला सोबतीण म्हणून ठेवले आणि वाटचाल सुब्बण्णाला दिली.

अरकलगूड नरसिंगराव कृष्णराव, म्हणजे कन्नड वाचकांचे अ. न. कृ., यांच्याकडे वळले की ही शांतता संपते. १९०८ मध्ये कोलार येथे जन्मलेल्या आणि १९७१ मध्ये निधन पावलेल्या या लेखकाचे जवळजवळ सारे कर्तृत्व बंगळुरूशी बांधलेले आहे. शंभराहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. १९४० च्या दशकात कन्नडमध्ये उभ्या राहिलेल्या ‘प्रगतिशील’ चळवळीचे, म्हणजे साहित्याने समाजातील दारिद्र्य, वेश्याव्यवसाय, अन्याय यांच्याकडे डोळे उघडून पाहावे असा आग्रह धरणाऱ्या लेखकांच्या गटाचे, ते अग्रणी होते, आणि त. रा. सुब्बराव, बसवराज कट्टीमनी, निरंजन हे लेखक त्या चळवळीत त्यांच्याबरोबर होते. १९६० मध्ये मणिपाल येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कर्नाटकातील कलावंतांची चरित्रे त्यांनी लिहिली, राजा रविवर्म्याच्या चित्रकलेवर लिहिले, आणि गायक, चित्रकार, नट यांच्या सहवासात वावरताना जे पाहिले ते कादंबऱ्यांत आणले: ‘संध्याराग’ गायकाची, ‘उदयराग’ चित्रकाराची आणि ‘नटसार्वभौम’ नटाची. एकाच लेखकाने तीन कलांतील तीन कलावंतांवर अशा कादंबऱ्या लिहिल्याचे उदाहरण भारतीय भाषांत सहज सापडणारे नाही.

‘संध्याराग’ १९३५ ची आहे. तिचा नायक लक्ष्मण हा सुखवस्तू घरातला मुलगा असून संगीताची ओढ त्याला लहानपणापासून आहे. वडिलांच्या हयातीत ही ओढ घराला कौतुकाची वाटते. वडील गेल्यावर तीच घराला ओझे वाटू लागते. एकत्र कुटुंब हे किती नाजूक तोलावर उभे असते आणि त्यातील न कमावणाऱ्या सभासदाचा मान किती लवकर उतरतो, याचे अ. न. कृ. यांनी केलेले चित्रण आजही टोचते, कारण त्यात कोणीही खलपुरुष नाही. व्यवहार पाहणाऱ्या भावाचे म्हणणेही आपल्या जागी खरे आहे. लक्ष्मणाला गुरू हवा, गुरूसाठी घर सोडणे आले, आणि घर सोडणे म्हणजे पत्नीला अशा घरात ठेवून जाणे आले की जिथे तिचा आधार केवळ नवऱ्याच्या नावापुरता आहे. तरुण प्रेम या कादंबरीत लग्नानंतरचे आहे, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. म्हैसूरच्या ब्राह्मण घरात त्या काळी लग्नाआधीच्या प्रीतीला फारशी वाटच नव्हती, आणि म्हणून अ. न. कृ. यांनी विरहाची सारी शक्ती विवाहित जोडप्याच्या ताटातुटीत ओतली. संस्कृत काव्यशास्त्रात ‘विप्रलंभ’ म्हणतात तो वियोगातला शृंगार येथे आहे, परंतु त्याला कारणीभूत शाप नाही, युद्ध नाही, परदेशगमन नाही. कारण आहे रियाज.

कादंबरीच्या गाभ्याशी पूर्वीकल्याणी हा कर्नाटक संगीतातील राग आहे. हा राग त्रेपन्नाव्या ‘गमनाश्रम’ मेळातून जन्मलेला मानतात. ‘मेळ’ म्हणजे सात स्वरांची अशी मूळ मांडणी की जिच्यातून अनेक राग निघतात. कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम यांमुळे त्याला दिवस मावळतानाची छाया येते, आणि हिंदुस्थानी पद्धतीतला पूरिया कल्याण त्याच्या फार जवळचा आहे. मराठी श्रोता ज्यांना ‘संधिप्रकाश राग’ म्हणून ओळखतो, म्हणजे दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर गायचे राग, त्यांच्या कुळातली ही छटा आहे. लक्ष्मण आयुष्यभर या रागाचा पाठलाग करतो, आणि त्याला तो पुरता गवसणे व त्याचे आयुष्य संपणे या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या राहत नाहीत. या शेवटावर अतिनाट्याचा आरोप करणे सोपे आहे. परंतु कादंबरीने तोपर्यंत घराची पडझड, पैशाची चणचण आणि पत्नीची वाट पाहणे यांचा इतका तपशील दिलेला असतो, की तो राग केवळ लक्ष्मणाच्या साधनेतून आला असे वाचक मानू शकत नाही. त्या सुरात घरातल्या प्रत्येकाचा वाटा आहे, हे कादंबरी बोलून न दाखवता पटवते, आणि हेच तिचे मोठेपण आहे.

या कादंबरीवरचा कन्नड चित्रपट १९६६ मध्ये आला. लक्ष्मणाची भूमिका राजकुमार यांनी केली आणि गाण्यासाठी बालमुरलीकृष्ण यांच्याबरोबर भीमसेन जोशी यांचा आवाज घेतला गेला. मराठी वाचकाच्या दृष्टीने या निवडीत एक विलक्षण योग आहे. गदगचे भीमसेन १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून निघून गेले. ग्वाल्हेर, जालंधर अशी भटकंती करून ते परतले आणि कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकू लागले. बंगळुरूत अ. न. कृ. एका काल्पनिक गायकाचे घर सोडणे कागदावर उतरवत होते त्याच सुमारास कर्नाटकातलाच एक खरा मुलगा तीच कथा जगत होता, आणि तीस वर्षांनी त्या काल्पनिक गायकाला आवाज देण्यासाठी तोच मुलगा, आता पुण्याचा पंडित होऊन, उभा राहिला.

अ. न. कृ. यांच्या लेखनावर घाईचा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो निराधार नाही. त्यांच्या कितीतरी कादंबऱ्यांत प्रसंग पुरते शिजण्याआधीच वाढले गेले आहेत. मात्र कन्नडमध्ये केवळ लेखणीवर पोट भरण्याचा धोका पत्करणाऱ्या पहिल्या काही लेखकांपैकी ते एक होते, हे विसरून हा आक्षेप घेता येत नाही. नोकरीच्या पगारावर जगणारा लेखक दोन कादंबऱ्यांत पाच वर्षांचे अंतर ठेवू शकतो. ज्याच्या घरची चूल पुढच्या हस्तलिखितावर पेटायची असते त्याला ते परवडत नाही, आणि म्हणून लक्ष्मणाच्या हलाखीविषयी लिहिताना अ. न. कृ. यांच्या भाषेत जी धार येते ती ऐकीव माहितीची वाटत नाही.

त. रा. सुब्बराव ऊर्फ त. रा. सु. यांची ‘हंसगीते’ ही कादंबरी काळाने अठराव्या शतकात आणि स्थळाने चित्रदुर्गात घडते. भैरवी रागावरील प्रभुत्वासाठी प्रसिद्ध असलेला वेंकटसुब्बय्या हा गायक सत्तेच्या हुकमावरून गाण्यास नकार देतो आणि तो नकार कायमचा करण्यासाठी स्वतःची जीभ कापून टाकतो. येथे हलाखीचा प्रश्न मागे पडून कलावंताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न पुढे आला आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कादंबरीपेक्षा तिच्या पुढच्या प्रवासाला अधिक महत्त्व आहे. तिच्यावर आधारलेला ‘बसंत बहार’ हा हिंदी चित्रपट १९५६ मध्ये आला. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन यांचे. मुंबईला पोहोचताच कथेत प्रेमप्रकरणाने मोठी जागा व्यापली. त्याच चित्रपटातील गायनस्पर्धेच्या प्रसंगासाठी मन्ना डे यांच्याबरोबर भीमसेन जोशी गायले, आणि कथानकाच्या गरजेमुळे विजय नायकाच्या, म्हणजे मन्ना डे यांच्या, आवाजाचा दाखवावा लागला. पुढे जी. व्ही. अय्यर यांनी १९७५ मध्ये कन्नडमध्ये ‘हंसगीते’ काढला, तेव्हा अनंत नाग यांनी साकारलेला गायक पुन्हा आपल्या मूळच्या कठोर वाटेवर आला, आणि त्यातील गायनासाठी बालमुरलीकृष्ण यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच कथेच्या या दोन रूपांवरून दिसते की प्रीती आणि कला यांचे प्रमाण लेखकाच्या मनाइतकेच बाजारही ठरवत असतो.

मराठीत हीच दशके कलेविषयीच्या प्रसिद्ध वादाची होती. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कलाकृतीचे मूल्य तिच्या रचनेत व तिने दिलेल्या आनंदात आहे, ही भूमिका त्यांनी हिरिरीने मांडली, वि. स. खांडेकर यांनी साहित्याचे मोल जीवनाच्या संदर्भात शोधले. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या दोन घोषणांनी हा वाद मराठी वाचकाच्या स्मरणात राहिला आहे. दोघेही कोल्हापूरशी जोडलेले, दोघेही कमालीचे वाचकप्रिय. फडके १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तर खांडेकर १९४१ मध्ये सोलापूरच्या. तरुण प्रीतीचे जेवढे चित्रण या दोघांनी केले तेवढे क्वचितच कोणी केले असेल. तरीही ‘संध्याराग’शी तुलना करता एक उणीव जाणवते. फडक्यांच्या नायकाला कलेची आवड असते, पण तिच्यापायी त्याच्या घरचे दागिने सहसा गहाण पडत नाहीत. खांडेकरांच्या नायकाला दारिद्र्य ठाऊक असते, पण त्याची तळमळ ध्येयवादी कार्यकर्त्याची असते आणि स्वरासाठी किंवा रेषेसाठी झुरणारा माणूस तिथे विरळा आढळतो. वाद कलेविषयी झाला आणि कलावंत मात्र वादाच्या बाहेर राहिला. वामन मल्हार जोशी यांची ‘इंदू काळे व सरला भोळे’ ही पत्रात्मक कादंबरी याला काहीसा अपवाद आहे, कारण कला आणि नीती यांच्या संबंधाची चर्चा तिच्यात सुशिक्षित तरुण स्त्रियांच्या प्रत्यक्ष आयुष्यात उतरते; पण तिथेही विचाराचा जोर संसाराच्या तपशिलावर मात करतो.

हा तपशील मराठीत पूर्ण ताकदीने आला तो पुष्कळ नंतर आणि अगदी निराळ्या सामाजिक थरातून. आनंद यादव हे कागलचे, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवरच्या गावचे. त्यांच्या ‘नटरंग’चा नायक गुणा हा अंगाने पैलवानी, मजुरीवर जगणारा तरुण असून तमाशाचा फड उभा करून त्यात राजाची भूमिका करावी, हे त्याचे स्वप्न आहे. फडाला ‘नाच्या’ मिळत नाही. नाच्या म्हणजे तमाशात बायकी हावभाव करणारा पुरुष नट, ज्याच्यावाचून खेळ रंगत नाही आणि ज्याला गावात मान नसतो. ती भूमिका गुणाच पत्करतो. येथे कलेची किंमत केवळ पैशात नाही. ती पुरुषपणाच्या प्रतिष्ठेत मोजली जाते, आणि ती चुकवताना गुणाइतकीच त्याची बायको आणि मुले गावाच्या नजरेला बळी पडतात. लक्ष्मणाच्या घराला गाणे परवडत नाही, तरी गाण्याविषयी आदर असतो. गुणाच्या घराला हा आदरसुद्धा नाही, आणि म्हणून त्याची एकाकी अवस्था अधिक भीषण आहे. २०१० मध्ये आलेल्या चित्रपटाने ही कथा घराघरांत नेली. तरी कादंबरीतील ग्रामीण बोलीचा खरखरीतपणा आणि भुकेचा सततचा उल्लेख यांसाठी मूळ पुस्तकाकडेच जावे लागते.

याच ठिकाणी एका अगदी वेगळ्या जातीच्या मराठी कादंबरीचा विचार केला पाहिजे, कारण तिची नायिका कर्नाटकाच्या भूमीवर राहते. पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. कूर्गमध्ये राहणारी सावित्री एका तरुणाला पत्रे लिहिते, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत ती जपानला जाते, आणि ही सारी कथा केवळ तिच्या पत्रांतून उलगडते; ज्याला ती लिहिते त्याची उत्तरे वाचकाला दिसत नाहीत. मोर अंगणात यावा म्हणून आतुर झालेली मुलगी शेवटी स्वतःच मोराचे नाचणे होऊन जाते, अशी एक लोककथेसारखी गोष्ट सावित्री सांगते, आणि त्या गोष्टीत रेग्यांचा कलाविचार सामावलेला आहे: हवीशी वस्तू मिळवण्यासाठी धावण्यापेक्षा आपणच ती होणे. वर पाहिलेल्या कादंबऱ्यांत प्रेम आणि कला एकमेकांच्या वाट्याचे ओढून घेतात. ‘सावित्री’त ती एकमेकांना वाढवतात. हलाखी या कादंबरीत जवळजवळ नाही, युद्धाचा अंधार आहे. सावित्रीला हे स्वातंत्र्य मिळू शकले याचे एक कारण तिच्या भोवतीचे मोकळे, सुसंस्कृत घर आहे, आणि असे घर फार थोड्या मुलींच्या वाट्याला येई, हे मान्य करूनही मराठी कादंबरीत प्रेम करणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या आवाजात आणि कोणाचीही परवानगी न मागता बोलू देणारे इतके निर्मळ लेखन दुसरे नाही, असे म्हणावेसे वाटते.

एस. एल. भैरप्पा यांच्या ‘मंद्र’ या कादंबरीने एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा सारा हिशेब पुन्हा उघडला. २०१० चा सरस्वती सन्मान या कादंबरीला मिळाला, आणि उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ती मराठी वाचकाच्याही घरची झाली. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेल्या उमाताईंनी कन्नड कादंबरीसाठी मराठीत एक वाचकवर्गच घडवला आहे. ‘मंद्र’चा नायक मोहनलाल हा हिंदुस्थानी पद्धतीचा असामान्य गायक आहे, आणि माणूस म्हणून त्याचे वर्तन किळस आणणारे आहे. त्याची पत्नी, मधुमिता ही शिष्या, मनोहरी ही नर्तकी अशा स्त्रिया एकामागून एक त्याच्या गाण्याच्या कक्षेत येतात, आणि प्रत्येकीकडून तो काहीतरी घेतो. गुरू या पदाला आपल्या परंपरेने दिलेला जवळजवळ ईश्वरी अधिकार असा वापरला जातो तेव्हा शिष्येने काय करावे, हा प्रश्न भैरप्पांनी टाळलेला नाही. ‘संध्याराग’च्या काळात कलावंताच्या आयुष्याचा शेवट त्याच्या सिद्धीने करता येत होता आणि वाचक अश्रू ढाळून पुस्तक मिटत होता. ‘मंद्र’ वाचणाऱ्याला तो दिलासा मिळत नाही. मोहनलालचा स्वर खरा आहे हे मान्य करावे लागते आणि त्याच्यामागे पडलेली आयुष्ये डोळ्यांसमोरून हलत नाहीत. भैरप्पांच्या इतर कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाविषयी मतभेद होऊ शकतात. या कादंबरीत मात्र त्यांनी घराच्या बाजूने साक्ष नोंदवली आहे.

आतापर्यंत पाहिलेल्या कथांत, ‘सावित्री’ वगळता, कलावंत पुरुष आहे आणि त्याच्या कलेचा खर्च घर करते. प्रत्यक्ष इतिहासात स्त्री-कलावंताच्या बाबतीत हे नाते उलट झालेले दिसते: तिच्या कलेवर घर चालते. हंसा वाडकर यांनी बालवयातच कुटुंबाच्या मिळकतीसाठी चित्रपटात काम सुरू केले, आणि १९५९ च्या ज्या चित्रपटाने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले त्याचेच ‘सांगत्ये ऐका’ हे नाव त्यांच्या आत्मकथनाला मिळाले. हे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले आणि श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ या १९७७ च्या चित्रपटाचा तो आधार ठरला. गंगूबाई हनगल यांच्या आई अंबाबाई स्वतः कर्नाटक पद्धतीने गात. मुलीच्या हिंदुस्थानी गायकीवर त्या गाण्याची छाया पडू नये म्हणून त्यांनी आपले गाणे बंद केले. एका कलेसाठी दुसरी कला घरातच विसर्जित झाल्याचे हे उदाहरण कोणत्याही कादंबरीकाराला मोह घालील असे आहे, आणि पुढे गंगूबाईंनी हुबळीचे आपले घर स्वतःच्या गाण्यावर चालवले.

बंगळूर नागरत्नम्मा यांचे आयुष्य तर कादंबरीच्याही मापात न मावणारे आहे. १८७८ मध्ये नंजनगूड येथे, देवदासी परंपरेतील आईच्या पोटी त्यांचा जन्म झाला. बंगळुरूत त्या संगीत शिकल्या आणि पुढे मद्रासला जाऊन दक्षिणेतील अग्रगण्य गायिका झाल्या. मुद्दुपळणी या अठराव्या शतकातील तेलुगू कवयित्रीचे ‘राधिका सांत्वनमु’ हे शृंगारकाव्य त्यांनी १९१० मध्ये संपादित करून छापले, आणि अश्लीलतेच्या आरोपावरून सरकारने त्यावर बंदी आणली. गाण्यातून मिळालेले धन खर्चून त्यांनी तिरुवैयारू येथे त्यागराजांची दुर्लक्षित समाधी बांधून काढली. त्या ठिकाणच्या आराधना उत्सवात त्या काळी स्त्रियांना गाऊ देत नसत. नागरत्नम्मांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली, आणि कालांतराने मुख्य उत्सवालाच आपली दारे स्त्री-गायिकांसाठी उघडावी लागली. तरुण वयातली प्रीती, आश्रयदात्यांवर अवलंबून राहण्याची अगतिकता, विद्येचा अभिमान आणि स्वतःच्या कमाईवर घेतलेले निर्णय, असे कलावंत-कादंबरीला लागणारे सारे काही या आयुष्यात होते. अ. न. कृ. १९३५ मध्ये गायकाची कथा लिहीत होते तेव्हा नागरत्नम्मा हयात होत्या, त्यांच्या नावाआधी अ. न. कृ. यांच्याच शहराचे नाव लागत होते, आणि म्हैसूर संस्थानातल्या कोणत्याही संगीतप्रेमी घरात ते नाव कोणाला समजावून सांगावे लागले नसते.